गावकूस वगळून गाव शिकवता येत नाही

लहान पोरांना समाज शिकवायची शाळेची एक ठरलेली शिडी आहे. आधी माझं घर. मग शेजार. मग शाळा. मग माझं गाव. पुढं जिल्हा, राज्य, देश. पोरगं एकेक पायरी चढत जातं आणि वर पोचल्यावर हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणतं.

शिडी दिसायला सरळ आहे. पण तिच्यातली एक पायरी खोटी आहे. घर गावात असतं हे ती धरूनच चालते. आपल्या आज्याचं घर गावात नव्हतं, गावकुसाबाहेर होतं. घरून गावात जायचं तर मधे वेस लागायची, आणि त्या वेशीशी हा धडा संपायचा. ज्यांनी धडा लिहिला त्यांच्या घराला वेस आडवी आली नाही. म्हणून त्यांना ती दिसलीही नाही.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण रविवारी विहारात, समाजमंदिरात, नाहीतर पत्र्याच्या शेडमधे पोरांचा वर्ग घेतात. मी सूतगिरणीत तिसरी पाळी करून येतो आणि वर्ग घेतो. वंदना होते, बाबासाहेबांची एक गोष्ट होते, खाऊ होतो. मग पहिली-दुसरीतलं एखादं पोरगं विचारतं, समाज म्हणजे कोण? आपण सांगतो, आपला समाज. म्हणजे आपली आळी, आपलं नगर. पोरगं गप्प बसतं. पण त्याचा प्रश्न तिथंच राहतो. या प्रश्नाला या मुलखात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो खडू हातात घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक पाहिजे. नाहीतर आपणही तीच शिडी निळा रंग देऊन लावू.

१

सुरुवात पुण्यात. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा निघाल्या, त्या चालवायला मंडळी उभी राहिली. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. त्या शाळेत पोरं काय शिकली, हे मात्र सांगत नाही.

त्याचा पुरावा आहे. मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर त्या शाळेत तीन वर्षं शिकली आणि तिनं निबंध लिहिला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर आजचं पोरगं गायीवर, नाहीतर पावसाळ्यावर निबंध लिहितं. मुक्तेनं आपल्या माणसांवर लिहिला. इमारतीच्या पायात आमच्या माणसांना पुरत होते हे तिनं लिहिलं. बाजीरावाच्या राज्यात तालमीसमोरून गेलेल्या मांग-महाराच्या शिराचं काय करीत हे लिहिलं. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं हे लिहिलं. ज्यांना वेद वाचायची बंदी आहे त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिनं उभा केला. आणि शेवटी आपल्या लोकांना सांगितलं, शिका.

माझ्या मते या मुलखातला समाजाचा पहिला खरा धडा हाच. आणि तो मास्तरनं लिहिला नाही, पंतोजीनं लिहिला नाही. पोरीनं लिहिला. जोतीरावांच्या शाळेनं तिला उत्तर पाठ करायला लावलं नाही, प्रश्न विचारायची भाषा दिली. पाटीवर अक्षर आलं आणि अक्षराबरोबर आपलं घर आलं, आई आली, वेस आली.

पण हे पुण्यातल्या एका शाळेत. बाहेर काय चाललं होतं? मुक्तेचा निबंध छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं नाव घालायला मागितलं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. नाव घातलं नाही. सरकारनं हिशोब असा मांडला की या एकाला घेतलं तर बाकीची सगळी पोरं निघून जातील आणि शाळा ओस पडेल. एक पोरगं एका पारड्यात, सारा गाव दुसऱ्या पारड्यात. त्या पोरानं शाळेत पाऊल न टाकता समाजाचा धडा शिकून घेतला. आत बसलेली पोरंही तोच धडा शिकली, हे आपण विसरतो. बाहेरच्याला कळलं तू आमचा नाहीस. आतल्यांना कळलं शाळा आमच्या बापाची आहे.

२

१८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमलं. जोतीरावांनी त्याच्यापुढं निवेदन दिलं. कार्यकर्त्यानं ते मुळातून वाचावं. त्यात आरडाओरडा नाही. हिशोब आहे. पुण्यात महार-मांगांची वस्ती पाच हजारांच्या वर आणि त्यांच्यासाठी शाळा एक, त्या शाळेत हजर पोरं तीसपेक्षा कमी. उच्च जातीची पोरं मांडीला मांडी लावून बसू देत नाहीत म्हणून ही पोरं बाकीच्या शाळांबाहेर. सरकारनं यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या गावांत.

मग मागणी. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपतं ही भूल सोडा. आणि मास्तर कसा पाहिजे? नांगराची मूठ धरायची, नाहीतर सुताराची वाकस हातात घ्यायची लाज वाटणार नाही असा. खालच्या माणसांत मिसळणारा. पुस्तकं कशी पाहिजेत? मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशोब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीची माहिती, नीतीचे आणि आरोग्याचे थोडे धडे. चालू पुस्तकं तपासून नव्यानं करावीत हेही त्यांनी सांगितलं.

बघा, शंभर-सव्वाशे वर्षांनी शिक्षणातले मोठे लोक सांगू लागले की पोराला परिसरातून शिकवा, हाताला काम देऊन शिकवा. जोतीरावांनी ते १८८२ साली लिहून दिलं होतं. फरक एवढाच की जोतीराव आधी विचारत होते, परिसर कुणाचा?

३

शाळेत समाजाचा धडा पुस्तकात असो-नसो, शाळा तो रोज शिकवते. बसायला कुठं सांगते, पाणी कोण देतं, हजेरीत नाव कसं पुकारते, यातून शिकवते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. फोटोला हार, एक भाषण, सुट्टी नाही. त्या दिवसाचा खरा धडा पोरांना सांगायचा तर गोणपाटाचा सांगावा. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे, बसायला गोणपाट घरून आणावं लागे आणि संध्याकाळी परत न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर मास्तरची परवानगी पुरत नव्हती, शिपाई पाहिजे. नळाची तोटी शिपायानं उघडायची. शिपाई नसला की पाणी नाही.

तो नळ, ते गोणपाट, तो शिपाई हाच त्या शाळेचा समाजाचा धडा होता. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता म्हणून तर पक्का होता. पोरं कविता विसरतात, तोटी विसरत नाहीत.

हे उलटवायचा प्रयत्न राजांनीही केला. बडोद्यात सयाजीरावांनी अस्पृश्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या आणि १९०६ साली संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दोन वर्षांनी त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून टाकल्या आणि हुकूम काढला, पोरं सगळ्यांच्या शाळेत बसतील. वेगळी शाळा म्हणजे शिक्षण मिळतं, समाज मिळत नाही. पोरगं वाचायला शिकतं आणि त्याच वेळी आपली जागा वेगळी आहे हेही शिकतं. महाराजांनी हा दुसरा धडा पुसून टाकायला घेतला.

बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात गेले तेव्हा १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत शंभर पोरं शिरली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची ब्याऐंशी परत निरक्षर होतात, हा हिशोब त्यांनी मांडला. आणि आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. मला ह्या दोन तारखा एकत्र शिकवाव्याशा वाटतात. शाळा आणि पाणी हे दोन वेगळे लढे नव्हतेच. साताऱ्याच्या नळापाशी ते एकच होते.

४

आता एक दूरची गोष्ट सांगतो, ती आपल्याला जवळची आहे.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं जॉन ड्यूई शिकवत होते. ‘जातिनिर्मूलन’ ह्या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंना आपले गुरू म्हणून मान दिलाय. या ड्यूईंनी १८९६ साली शिकागोत लहान पोरांची एक प्रयोगशाळा-शाळा काढली होती. तिथं चार-पाच वर्षांची पोरं घरातली कामं करत शिकत. सहा वर्षांची पोरं घराला लागणारं धान्य, लोकर, कापूस येतं कुठून हे शिकत. समाज म्हणजे एकमेकांच्या कामावर जगणारी माणसं, हे व्याख्या पाठ न करता कळावं म्हणून. लोकशाही म्हणजे नुसती मतपेटी नाही, एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांचा विचार. बाबासाहेबांच्या लिखाणात तो आपल्याला पुन्हा भेटतो.

ड्यूईंनी १८९९ सालच्या व्याख्यानांत सांगितलेली एक हकीकत आहे. पोरांच्या हातात बोंडातला कापूस दिला आणि सरकी काढायला लावली. अर्धा तास पोरं खपली. निघाला एक औंसापेक्षा कमी कापूस. मग पोरांनाच कळलं की पूर्वी लोक सुती सोडून लोकरी का घालत. आणि सरकी काढायचं यंत्र आल्यावर जग का बदललं.

मी गिरणीत आहे. कापसाचं बोट भर सूत होताना रोज बघतो. म्हणून मला हा धडा आवडतो, आणि म्हणूनच त्याचा उरलेला अर्धाही सांगावासा वाटतो. अमेरिकेत ते यंत्र १७९३ साली आलं. सरकी लवकर निघायला लागली तशी कापसाची शेती पसरली, आणि वेचायला लागले ते काळे गुलाम. यंत्रानं सरकी सोडवली, माणसाला बांधलं.

आणि मुंबईत? गिरणीत सगळे कामगार एक, असं भाषणात म्हणत. पण विणाई खात्यात महाराला घेत नसत. कारण? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. थुंकी लागलेला धागा, आणि तो धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. विणाईत पगार जास्त होता. म्हणजे शिवाशिवीचा दर महिन्याला रोकड हिशोब होत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगार म्हणून एक व्हायचं तर धोट्यापाशी एक व्हा.

दोस्तहो, पोराच्या अंगातला सदरा हा इतका मोठा धडा आहे. कापूस कुणी पेरला, कुणी वेचला, सूत कुणी काढलं, कापड कुणी विणलं, विणायला कुणाला बंदी होती, शिवला कुणी, धुतला कुणी. एका सदऱ्यावर सहा रविवार जातात. खर्च शून्य.

५

शाळेच्या पुस्तकातले दोन धडे आपल्याला नीट तपासावे लागतील. एक बारा बलुतेदारांचा. दुसरा आपल्या मदतनिसांचा.

बलुतेदारांच्या चित्रात सुतार हसतोय, लोहार हसतोय, कुंभार चाकावर हसतोय. गाव एक कुटुंब. कुणी कुणाचं अडू देत नाही. यात महार कुठं? कधी चित्रात नसतो, कधी काठी घेऊन कडेला असतो. त्याचं काम काय? वेशीची राखण, शिवेच्या भांडणात साक्ष, सरकारी टपाल-वसुलीबरोबर चालणं, चावडी झाडणं, मयताचा सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं. रात्र-दिवस, थंडी-पाऊस. बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुतं, तेही मागून.

पोरांना एकच प्रश्न द्या. त्याला नाही म्हणता येत होतं का?

हा प्रश्न सहा वर्षांच्या पोरालाही कळतो. मी शेजारणीला पाणी भरू लागलो, माझी मर्जी, ती मदत. मला कुणी दमात घेऊन भरायला लावलं, ती मदत नव्हे. सुतार नाही म्हणाला तर काय होई आणि महार नाही म्हणाला तर काय होई, हे आजीला विचारून या म्हणावं. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाचा कायदा बदलायचं विधेयक कायदेमंडळात आणलं ते याच नाहीसाठी. शेवटी वतनं मोडायचा कायदा १९५८ साली झाला. तीस वर्षं लागली एका ‘नाही’ला.

तोच प्रश्न मदतनिसांच्या धड्याला लावा. पोस्टमन, डॉक्टर, पोलीस, आणि हातात झाडू घेतलेले सफाई कामगार काका. सगळे मदतनीस एका रांगेत. पण पोराला विचारा, डॉक्टरकाकांची मुलं मोठेपणी काय होणार? आणि सफाईकाकांची? पोरं पटकन उत्तर देतात, आणि त्या उत्तरातच सगळी व्यवस्था असते. हातानं मैला उपसायला बंदी करणारे कायदे १९९३ साली आणि २०१३ साली झाले. गटारात माणसं गुदमरून मरणं त्यानंतरही थांबलं नाही. हे मदतनीस ह्या गोड शब्दाखाली झाकायचं का?

सगळी पुस्तकं सारखी नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. एनसीईआरटीनं २००८ साली काढलेल्या पाचवीच्या परिसर-पुस्तकात ‘हे काम कोण करील’ अशा अर्थाचा एक धडा होता. सफाईचं काम करणाऱ्यांशी बोलणं त्यात होतं, बाबासाहेबांच्या लहानपणाची हकीकत होती. म्हणजे मनात आणलं तर लहान पोरांच्या पुस्तकात हे बसतं. लहान पोरांना झेपत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

६

आता आपल्यातलाच वाद. काही कार्यकर्ते म्हणतात, पहिली-दुसरीच्या पोरांना शिवाशिव सांगूच नये. पोरं हसतीखेळती आहेत, त्यांच्या मनात कशाला न्यूनगंड घालायचा? दुसरे म्हणतात, सगळं सांगा, मडकं-झाडूपासून सांगा, रक्त तापलं पाहिजे.

दोघांचंही मला पटत नाही. न सांगितलं तर शाळा सांगणारच आहे, आणि ती शाळेच्या पद्धतीनं सांगेल. डब्याच्या वेळी कुणीतरी आडनाव विचारील आणि पोरगं एकटं असताना धडा शिकेल. उलट सहा वर्षांच्या पोरावर नुसतं मडकं-झाडू लादलं तर ते रात्री घाबरून उठेल आणि सकाळी आपल्या आज्याची लाज बाळगील. म्हणून माझा एक साधा नेम आहे. अपमान एकटा सांगायचा नाही. त्याच्याबरोबर तो मोडणाऱ्याचा हात सांगायचा.

तळं बाटतं म्हणाले, हे सांगायचं तर त्याआधी जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला हे सांगा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला, पण कागदावर पाणी येत नाही, म्हणून १९२७ साली माणसं चालत गेली आणि ओंजळीनं प्याली. त्यानंतर खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ साली हायकोर्टात आपण जिंकलो. एवढी गोष्ट दुसरीतल्या पोराला पुरते. ठराव, पाऊल, कोर्ट. समाज कसा बदलतो ते यात सगळं आलं.

करायच्या गोष्टी सोप्या आहेत. जमिनीवर खडूनं गावाचा नकाशा काढायला लावा. देऊळ, शाळा, चावडी, विहीर, टाकी, आपलं घर. मग विचारा, नळाला पाणी आधी कुठं येतं? कचऱ्याची गाडी कुठवर येते? मग वस्त्यांची नावं लिहायला लावा. २ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं झालं. पण पाटी बदलली, नळ बदलला का, हे पोरांना नकाशावर बोट ठेवून सांगू द्या.

आजीला, आजोबाला एक प्रश्न विचारून यायला सांगा. तुम्ही पोरं असताना पाणी कुठून आणत होता? उत्तर वर्गात सांगायचं. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा कळतं की आपण इतिहास आहोत.

वर्गाचे नियम पोरांनाच करू द्या. खाऊ कसा वाटायचा, सतरंजी कुणी घालायची, कुणी काढायची. पोरीच झाडणार असतील तर वर्गाच्या भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो लावून उपयोग नाही. शेजारच्या मातंग वस्तीतलं, वडाराच्या पालातलं, मुसलमानाचं पोरगं आलं तर त्याला मागं बसवू नका. आपल्याही वर्गाला गावकूस असू शकतं. मुक्ता मांगाची होती, आणि तिनं लिहिताना महार आणि मांग दोघांचं दुःख एका वाक्यात धरलं होतं. तेवढं मोठं वाक्य आपल्याला अजून नीट म्हणता येत नाही.

समाज म्हणजे कोण, असं पोरानं विचारलं तर उत्तर देऊ नका. त्याला वेशीपाशी घेऊन जा. कुठं होती ते दाखवा. आता तिथं पानटपरी असेल, कमान असेल, एसटीचा थांबा असेल. सांगा, इथून पलीकडं जायला आपल्याला फार वर्षं लागली, आणि अजून सगळे पोचले नाहीत. मग त्याला पुढं चालू द्या आणि आपण मागं चाला.

जय भीम.